हॅलोरनच्या खाडीत धरलेला हात

हॅलोरनच्या खाडीत उतरायचं तर फेब्रुवारीत. उन्हाळ्यात पाणी जरा सोसवतं खरं, पण तेव्हा ते इतकं गढूळ असतं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. थंडीत ते निवळतं. सात अंशांचं, हाडांत शिरणारं, पण बाटलीच्या काचेसारखं हिरवं आणि नितळ. म्हणून मरिट हॉगलंड दर फेब्रुवारीतला एक रविवार या खाडीसाठी राखून ठेवायची. एकवीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

मरिट एकसष्टची. तीस वर्षं तिनं फेरीबोटीवर दोर ओढले, गाड्या लावून घेतल्या, उतारूंना दटावलं, आणि निवृत्त झाल्यावर तोच आवाज डायव्हिंग क्लबला लावला. तिनं "वर" म्हटलं की सगळे वर यायचे; कुणी दोन मिनिटं जास्त मागितली नाहीत.

त्या वर्षी गावात फ्लूची साथ होती. आठ जणांनी नावं दिली होती, धक्क्यावर आले चार. मरिट स्वतः, तिचा पाण्यातला जोडीदार ऑरव्हिल पेनर, आणि औषधांचं दुकान चालवणारा डेस्मंड क्वान, बायको रॉझलिनसह. बोट विन टोल्मीची. विन स्वतः कधी पाण्यात उतरली नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "मासे पाण्यात बरे, मी बोटीत बरी."

ऑरव्हिल सदुसष्टचा, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. एकोणीस वर्षं तो आणि मरिट एकाच जोडीनं उतरत होते. पाण्याबाहेर दोघांचं फारसं जाणं-येणं नव्हतं. पाण्यात मात्र तो कायम तिच्या डाव्या हाताला, अर्धा हात मागे. मान वळवायचीसुद्धा गरज पडायची नाही.

बोटीत तो ड्रायसूटची चेन ओढत धडपडत होता. विननं सुकाणूवरून विचारलं, "ऑरव्हिल, सूट आखडलाय की तू सुटलायस?"

"सूट," तो धापा टाकत म्हणाला. "रबर आखडतं थंडीनं. मास्तर आहे मी, मला माहीत असतं."

"आणि तीन बटर टार्ट कुणी खाल्ले? रबरानं?"

"दोनच खाल्ले. तिसरा डेस्मंडनं खाल्ला."

"मला यात ओढू नका," डेस्मंड म्हणाला. रॉझलिन हसली, पण तिचे ओठ निळसर झाले होते. या खाडीत ती पहिल्यांदाच उतरणार होती. मरिटनं थर्मासमधलं गरम पाणी एकेकाच्या हातमोज्यात ओतलं. तेवढीच दहा मिनिटं बोटं जिवंत राहतात.

"ऐका," मरिट म्हणाली. "वीस मिनिटं खाली. टाकीतल्या हवेचा काटा शंभरावर आला की जोडीदाराला दाखवायचा. पाणी गढुळलं तर जागचं हलायचं नाही, जोडीदाराचा हात धरायचा. एक दाब म्हणजे ठीक, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे वर. आणि खांबांच्या आत कुणी शिरायचं नाही."

"आत काय आहे?" रॉझलिननं विचारलं.

"जुनी जाळी. कुजलेली लाकडं."

"माझ्यासारखीच," ऑरव्हिल म्हणाला.

मासे डबाबंद करायचा कारखाना होता तिथं एके काळी. तो जळून कैक वर्षं झाली. आता ओहोटीला खांबांची काळी टोकं तेवढी पाण्याबाहेर दिसायची. विननं खांबांपासून जरा लांब नांगर टाकला. डोंगर अर्ध्यापर्यंत पांढरे होते. वारा पडला होता.

चौघं नांगराच्या साखळीला धरून उतरले. सतरा मीटरवर तळ. तिथून डेस्मंड आणि रॉझलिन कड्याच्या बाजूनं डावीकडे गेले, मरिट आणि ऑरव्हिल उजवीकडे, खांबांच्या कडेकडेनं. दर खांबावर पांढरी समुद्रफुलं दाटीवाटीनं फुलली होती. टॉर्च फिरला की एकेक खांब अंधारातून उजळून पुढे यायचा आणि परत मागे सरायचा. एका बिळातून ऑक्टोपसनं हात बाहेर काढून मरिटचं मनगट चाचपलं, चोखल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. ती थांबून राहिली; असे हात तिनं शंभरदा अंगावर घेतले होते. ऑरव्हिलनं मागून अंगठा आणि तर्जनी जुळवून "झकास" अशी खूण केली.

मग तिच्या ध्यानात आलं की पुढच्या खांबांपाशी मासे नाहीत. एरवी या जागी लाल-तपकिरी माशांचे थवे लोंबकळत असतात. आज एकही नाही. पाणी नुसतं उभं होतं.

तेवढ्यात वर कुठेतरी एक आडवी तुळई सुटली. आवाज असा झाला नाही; छातीवर कुणी मूठ मारावी तसा एक धक्का बसला. आणि खांबांच्या आतून चिखलाचा लोट धुरासारखा आला. दोन श्वासांत सगळं तपकिरी झालं. मरिटनं टॉर्च मुखवट्याच्या काचेला टेकवला. उजेडाचा साधा ठिपकाही दिसेना.

ती घाबरली नाही. डावा हात लांबवून ती थांबली. क्षणभर नुसतं पाणी लागलं. मग एक हात आला आणि तिच्या हातात बसला.

एक दाब. ठीक.

तिनंही एकदा दाबलं. दोघं थांबून राहिले. चिखल बसायचं नाव घेईना. थोड्या वेळानं त्या हातानं तीनदा दाबलं. वर.

मरिटला नवल वाटलं. वर जायचं हे नेहमी ती ठरवायची. पण निर्णय बरोबर होता, म्हणून तिनंही तीनदा दाबलं. हात तिला घेऊन निघाला. कायम अर्धा हात मागे राहणारा ऑरव्हिल आज पुढे होता, आणि चालला होता तोही असा, की दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जावं. थबकणं नाही, चाचपणं नाही. डोळ्यांपुढे काही दिसत नसताना ती एकाही खांबाला घासली नाही. हे तिला पुढे आठवलं. त्या वेळी वाटलं ते एवढंच, की म्हातारा आज रंगात आहे.

मग तिचा तळवा लोखंडाला लागला. साखळी. त्या हातानं तिची बोटं एकेक करून कडीवर मिटवली, नीट बसली ना ते पाहावं तशी वरून दाबली. इथं चिखल जरा विरळ होता. टॉर्चच्या उजेडात तिला तो हात अर्धा श्वासभर दिसला. मोजा नव्हता. पांढरी, फुगलेली बोटं. नखं.

"मोजा हरवला या वेड्यानं," हाच विचार तिच्या मनात आला. सात अंशांत उघडा हात! दहा मिनिटांत बोटं जातील. तिनं घाईनं तीनदा दाबलं आणि वर निघाली. खाली पाहिलं तेव्हा पायांखाली धूसर उजेडासारखं काहीतरी होतं. येतोय मागे, असं तिनं धरलं.

पाण्याबाहेर डोकं काढताच ती ओरडली, "विन, थर्मास काढ! ऑरव्हिलचा मोजा गेलाय!"

विन बोटीच्या काठावर वाकून उभी होती. डेस्मंड आणि रॉझलिन नुकतेच वर येऊन शिडीला धरून होते. विननं थर्मास काढला नाही.

"ऑरव्हिल कुठाय?"

"येतोय मागून."

"मागून कोणी नाही, मरिट." विनचा आवाज अगदी बारीक झाला होता. "साखळीपाशी बुडबुडे एकटीचेच होते, तुझे. त्याचे ते बघ तिकडे. खांबांपाशी. मघापासून एकाच जागी आहेत."

मरिटनं वळून पाहिलं. काळ्या टोकांच्या मधोमध पाणी थोडं थोडं उकळत होतं. थांबत होतं. परत उकळत होतं.

"मी त्याचा हात धरून आलेय," ती म्हणाली.

मग विननं शिलकीची टाकी उचलून काठावर आणली, आणि डेस्मंडनं ती न विचारता कवेत घेतली. "माझ्याकडे हवा आहे. चल."

दोघं वरच्या वर पोहत खांबांपर्यंत गेले आणि बुडबुड्यांच्या वाटेनं सरळ खाली उतरले. चिखल होताच. मरिट डोळे असून आंधळी उतरत होती. बुडबुडे गालांना लागायचे तेवढीच वाट. श्वास संथ येत होते. फार संथ. हा झोपलाय की बेशुद्ध आहे, तिला कळेना.

तो तळाशी कुशीवर पडला होता. तुळईबरोबर खाली आलेलं जाळं त्याच्या टाकीवर, पायांवर गुंडाळलं होतं आणि जाळ्यावर तुळई. टॉर्च अगदी जवळ नेल्यावर तिला त्याचा चेहरा दिसला. डोळे उघडे, शांत. त्याचा उजवा हात लांब पसरलेला होता आणि बोटं अर्धवट मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. हातात काही नव्हतं. तिनं तो धरला तशी बोटं घट्ट झाली. मग तिनं सोडवून घेतला आणि सुरी काढली.

डेस्मंडनं शिलकीच्या टाकीची नळी त्याच्या तोंडात दिली. त्याच्या टाकीचा काटा पंधरावर आला होता. जाळं कापायला पाच मिनिटं लागली असतील. मरिटला ती फेरीबोटीवरच्या एका पाळीएवढी वाटली.

बोटीत घेतल्यावर सगळ्यांनी मिळून त्याला घोंगड्यांत गुंडाळलं. मरिट गुडघ्यांवर बसून आधी त्याचे हात तपासायला लागली. तिनं उजवा मोजा ओढून काढला. मग डावा. दोन्ही मोजे जागेवर होते. बोटं गार होती, पण गुलाबी. ती ते दोन मोजे हातात घेऊन तशीच बसली. मग तिनं मान वर करून डेस्मंडच्या हातांकडे पाहिलं, रॉझलिनच्या हातांकडे पाहिलं. मोजे होते. चारी.

"सूप," विन म्हणाली आणि ऑरव्हिलच्या ओठांना टोमॅटो सूपचा पेला लावला.

दोन घोट पोटात गेल्यावर तो बोलला. "मरिट, बाई, काय सांगू तुला. जाळं बसलं तेव्हा मला वाटलं, संपलं. हवा अशी ओढायला लागलो की काटा डोळ्यांदेखत पडायला लागला. तेवढ्यात तू हात धरलास." त्यानं डोळे पुसले. "एकदाही सोडला नाहीस. मी धडपडलो की दोनदा दाबायचीस. थांब, थांब. मग मी तुझ्या दाबण्यावर श्वास घ्यायला लागलो. सुरी काढायला सोडलास तेवढाच."

डेस्मंडनं तोंड उघडलं. रॉझलिननं त्याच्या पायावर पाय दिला. विन नांगर ओढायला गेली.

धक्क्यावर ऑरव्हिलला गाडीत बसवल्यावर डेस्मंड मरिटपाशी आला. "भास असतो तो. अशा वेळी होतं."

"हो."

"एक कळत नाही फक्त. जाळ्यात एकटा अडकलेला माणूस भीतीनं टाकी पाच-सात मिनिटांत रिकामी करतो. तो पंधरा मिनिटं होता. भास म्हणा, काही म्हणा, त्यानंच वाचला."

"हो," मरिट पुन्हा म्हणाली. स्वतःला साखळीपर्यंत कुणी आणलं, ते तिनं त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

ऑरव्हिल मात्र सगळ्यांना सांगत सुटला. टपालात, दुकानात, क्लबच्या वसंतातल्या जेवणात. "एकोणीस वर्षांची जोडी आहे आमची! हात सोडला नाही बाईनं!" लोक टाळ्या वाजवायचे, मरिट ताटातल्या बटाट्यांकडे पाहायची. एकदा कुणीतरी तिला बोलायला उभं केलं तेव्हा ती म्हणाली, "विननं बुडबुडे पाहिले, डेस्मंडनं टाकी आणली. मी काही केलं नाही." लोकांना तो तिचा विनय वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

उन्हाळाभर ती डायव्हिंगला गेली, पण गढूळ पाण्यात कुणाचा हात हाती आला की मोज्यावरून बोटं चाचपायची सवय तिला लागली. घरी हात धुताना कधी कधी ती थांबायची. ती पांढरी बोटं आपली बोटं एकेक करून मिटवत होती, ती किती काळजीनं, हे तिला आठवायचं. सगळ्यात तेच तिला सोसवत नसे.

ऑक्टोबरात एका दुपारी ऑरव्हिल तिच्या दारात आला. एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा. पावसानं टोपी भिजली होती, आणि काखेत विनची नोंदवही होती.

"क्लबला माझे वर्षाचे डाइव्ह लिहून द्यायचे होते, म्हणून विनकडून मागून आणली," तो म्हणाला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून ठेवली. "वाच."

वाचायची गरज नव्हती. विन वेळा चोख लिहायची. मरिट वर, अकरा बेचाळीस. मरिट आणि डेस्मंड पुन्हा खाली, अकरा पंचेचाळीस.

"बस," मरिट म्हणाली.

"बसतो. तू बोटीवर होतीस."

"होते."

"आणि आठ महिने मला गावभर बोंबलू दिलंस."

"कसं सांगणार होते, ऑरव्हिल? तुला सोडून मी वर आले, हे?"

"सोडून आलीस?" त्याचा आवाज चढला. एकोणीस वर्षांत त्यानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता. "तू? जागचं हलायचं नाही म्हणून सगळ्यांना दम देणारी तू?"

"तुझा हात धरून आले," ती म्हणाली. "मला वाटलं तुझा."

मग तिनं सगळं सांगितलं. हात कसा आला, तीनदा कसा दाबला, खांबांतून कसा घेऊन गेला, बोटं कडीवर कशी मिटवली. ऑरव्हिल ऐकत होता. राग त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरला. तिनं पुढे ठेवलेला चहा तसाच राहिला.

"म्हणजे त्यानं तुला आधी साखळीवर पोचवलं," तो जुळवत म्हणाला, शाळेत खुर्चीचे सांधे समजावून द्यायचा तसा. "आणि मग माझ्याकडे आला."

"नाही. तुळई पडली तसा तुझा हात धरला, असं म्हणतोस ना?"

"लगेच. दहा श्वाससुद्धा झाले नसतील."

"तेव्हा माझाही हात धरलेलाच होता."

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "तुला दिसला तो हात?"

"दिसला. मोजा नव्हता. म्हणून तर मी घाईनं वर आले. नखं दिसली मला, ऑरव्हिल."

ऑरव्हिलनं आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या हाताला मोजा होता," तो म्हणाला. "मी धरला त्या हाताला. जाडजूड, जुन्या तऱ्हेचा. अंगठा वेगळा, पहिलं बोट वेगळं, आणि बाकीची तीन एकाच पिशवीत. आता कुणी घालत नाही तसले. मला वाटलं, मरिट कंजूष आहे, कुठल्या तरी जुन्या पेटीतले काढून आणले असतील. हसूसुद्धा आलं मला. तिथं, तसा पडलेलो असताना."

बाहेर गटारीतून पाणी वाहत होतं. मरिटनं उठून दिवा लावला, दुपारचे तीनच वाजले होते तरी.

"दोघं होते म्हणजे," ती म्हणाली.

"दोघं तरी," ऑरव्हिल म्हणाला.

त्यानं गावात परत ती गोष्ट कधी सांगितली नाही. कुणी आठवण काढली तर म्हणायचा, "वाचलो बुवा, झालं." मरिटवरचा त्याचा राग मात्र त्या दुपारीच गेला, पुढच्या आठवड्यापासून तो रविवारी तिच्याकडे कॉफीला यायला लागला.

फेब्रुवारी आला. मरिटनं क्लबचा डाइव्ह दुसऱ्या खाडीत ठेवला. कारण विचारलं तेव्हा तुळया कुजल्यात, धोका आहे, असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण एका सकाळी ऑरव्हिल म्हणाला, "एकदा जाऊन यायला पाहिजे. उतरायला नको. नुसतं." विननं काही न विचारता बोट काढली.

खांबांपाशी आल्यावर तिनं इंजिन बंद केलं. पाणी इतकं नितळ होतं की खांब खाली खाली जाताना दिसत होते, पांढऱ्या फुलांनी भरलेले, मग हिरवे, मग नाहीसे. मासे होते. तिघंही बराच वेळ काठावरून पाहत राहिले. आभार मानावेत तर कुणाचे, आणि कुठल्या भाषेत, मरिटला कळेना.

ऑरव्हिलनं उजव्या हाताचा मोजा काढला, बाही सारली आणि हात मनगटापर्यंत पाण्यात घातला.

"काढ," मरिट म्हणाली.

"थांब जरा."

"ऑरव्हिल, काढ तो हात."

तो काढेना. तिनं त्याच्या कोटाची कॉलर मागून मुठीत धरली, घट्ट, फेरीवर दोर धरायची तशी. विननं इंजिनाच्या दोरीला हात घातला, पण ओढली नाही. मिनिट गेलं असेल. मग त्यानं हात बाहेर घेतला. तो गारठून लाल झाला होता.

"काही नाही," तो म्हणाला. "थंड आहे पाणी."

मरिटनं तो आपल्या दोन हातांत घेऊन चोळला, बोटं हलायला लागेपर्यंत. विननं इंजिन चालू केलं, आणि खाडीच्या तोंडापर्यंत बोट अगदी सावकाश नेली.